खामवरच्या पुलांवर माणसांना थांबू द्या

मकई गेटच्या पुलावर कुणी थांबत नाही. थांबताच येत नाही. बेगमपुऱ्याकडून, विद्यापीठाकडून, बीबी का मकबऱ्याकडून येणारी वाहनं एकाच कमानीतून शहरात शिरतात आणि शहरातली वाहनं त्याच कमानीतून बाहेर पडतात. रिक्षा अर्धी आत गेलेली असते, समोरून ट्रॅक्टर येतो, मागे दुचाकींची रांग लागते आणि हॉर्नचा गलका कमानीखाली घुमत राहतो. पायी निघालेला माणूस अंग चोरून कठड्याच्या कडेनं सरकतो. पुलाखालून खाम नदी वाहते, वर बुरुज उभे आहेत, उत्तरेला डोंगर आहेत. त्यातलं काही पाहायला त्याला सवड मिळत नाही. त्याचं सगळं लक्ष आरशाचा धक्का चुकवण्यात असतं.

छत्रपती संभाजीनगरला ‘बावन दरवाजांचं शहर’ म्हणतात. त्यातले थोडेच दरवाजे आज उभे आहेत आणि त्यांतले तीन दरवाजे पुलांसह खाम नदीवर आहेत: मकई गेट, पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा आणि छावणीच्या वाटेवरचं बारापुल्ला गेट. दरवाजा आणि त्याला जोडलेला दगडी पूल अशी जोडी, तीही एका नदीवर तीन ठिकाणी, ही दुर्मीळ गोष्ट आहे. एखाद्या शहराकडे यातली एक जोडी असती तरी त्यानं ती आपल्या प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापली असती. या शहरानं तिन्ही जोड्या वाहतुकीला देऊन टाकल्या आहेत.

हे पूल पायी चालणाऱ्यांना परत द्यावेत, आणि तपासणीअंती जो दरवाजा भक्कम ठरेल त्याच्या माथ्यावर लोकांना शिस्तीत, थोड्याथोड्या संख्येनं चढू द्यावं, अशी या लेखाची मागणी आहे.

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून त्यानं १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला, डोंगरातलं पाणी शहरात आणण्यासाठी नहर खोदली. पुढे औरंगजेब सुभेदार म्हणून आला तेव्हा, १६५३ मध्ये, शहराला त्याचं नाव मिळालं आणि १६८२ मध्ये शहराभोवती तटबंदी उभी राहिली. दिल्ली, जालना, पैठण आणि मकई हे चार दिशांचे मोठे दरवाजे त्या तटबंदीतले. पश्चिमेला खाम हा नैसर्गिक खंदक होता. म्हणून तिकडच्या वाटांना नुसता दरवाजा पुरला नाही, दरवाजापुढे पूलही बांधावा लागला. तट बराचसा गेला. दरवाजे आणि पूल मात्र राहिले, कारण त्यांचा रोजचा उपयोग संपला नाही. आता हाच उपयोग त्यांच्या मुळावर आला आहे.

दगडी कमानीचा पूल कसा तगतो, ते समजून घ्यायला हवं. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलून असतो आणि सगळा भार दाबाच्या रूपानं बाजूच्या पायांकडे उतरतो. सांध्यांमध्ये चुना असतो. चुना सिमेंटपेक्षा मऊ, थोडी हालचाल सहन करणारा, म्हणून अशी बांधकामं शतकानुशतकं टिकतात. पण दिवसभराची अवजड वाहनांची धडधड, पुराच्या पाण्यानं पायाखालची सरकलेली माती आणि सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप या तिन्हींचा मारा एकाच वेळी होऊ लागला की चुना भुगा होऊन गळतो आणि दगड मोकळा होतो. बोटाएवढं रोप वरून छाटलं तरी मूळ आतच राहतं आणि दोन पावसाळ्यांत दगडाला ढकलू लागतं. दरवाजाच्या आतल्या बाजूला, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, वाहनं घासून गेल्याचे ओरखडे दगडावर दिसतात. शतकांचा इतिहास सांगणाऱ्या बांधकामावर एवढी ताजी नोंद आजच्या पिढीनं करून ठेवली आहे.

स्मार्ट सिटी योजनेतून अलीकडच्या वर्षांत शहरातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली, दिवे लागले. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम महापालिकेनं स्वयंसेवी संस्था आणि उद्योगांना बरोबर घेऊन हाती घेतलं, काठावरचा कचरा उचलला, झाडं लावली, काठाला चालण्याजोगी जागा केली. ही कामं खरोखर चांगली झाली आहेत. पण नदी आणि दरवाजा जिथे भेटतात, त्या पुलावर माणसाला उभं राहायला हातभर जागा नाही. मग सुधारलेली नदी त्यानं कुठून पाहायची? रात्री दिव्यांत उजळलेली कमान त्यानं चालत्या दुचाकीवरून, मान वळवून पाहावी, अशी अपेक्षा आहे का?

उंचावरून पाहण्याची ओढ या शहराच्या अंगात भिनलेली आहे. पहाटे गोगाबाबा टेकडीवर चढणाऱ्यांची रीघ पाहिली की याची खात्री पटते. निवृत्त लोक, पोलिस भरतीची तयारी करणारी मुलं, विद्यापीठातले विद्यार्थी, सगळे वर जातात, घाम पुसतात आणि तोंड शहराकडे करून उभे राहतात. तिथूनच जवळच्या औरंगाबाद लेण्यांच्या पायऱ्यांवरून मकबऱ्याचा घुमट असा दिसतो, जसा तो मकबऱ्याच्या आवारातून कधीच दिसत नाही. जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शोधाचं मूळही अशाच एका नजरेत आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघोरा नदीच्या पलीकडच्या डोंगरावर आला आणि समोरच्या कड्यात त्याला अजिंठ्याच्या लेणीची कमान दिसली. आजही त्या ‘व्ह्यू पॉइंट’वर गेल्याशिवाय अजिंठ्याची नाल्याकाठची ती घोड्याच्या नालेसारखी रचना पुरती कळत नाही. (याच स्मिथनं दहाव्या लेणीतल्या खांबावर स्वतःचं नाव कोरलं. वारसा पाहायला येणारा माणूस त्याला इजा कशी करतो, याचा नमुनाही तोच.)

आणि देवगिरी, म्हणजे दौलताबाद. शहरापासून पंधरा किलोमीटरवरचा हा किल्ला म्हणजे पूल ओलांडून वर चढण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत विलक्षण अनुभव आहे. डोंगराचा पायथा सगळीकडून तासून उभा कडा केला, त्याच्याभोवती खडकातच खंदक खोदला आणि खंदकावर इतका अरुंद पूल ठेवला की दोनपेक्षा जास्त माणसं एका वेळी शेजारी-शेजारी जाऊ नयेत. पुढे अंधारी. खडकात कोरलेली, वळणं घेत वर जाणारी काळोखी वाट, जिथे शत्रूला आपलीच माणसं ओळखू येत नसत. तिथून बाहेर पडलं की पायऱ्यांमागून पायऱ्या, मग शहाजहानच्या काळातली बारादरी. तिच्या सज्जातून खाली पाहिलं की महाकोट, अंबरकोट, चांदमिनार, शेतं आणि वेरूळकडे जाणारा रस्ता एका नजरेत येतो. तुघलकानं राजधानीसाठी हीच जागा का निवडली, हे पुस्तकातल्या पाच पानांपेक्षा तिथल्या पाच मिनिटांत जास्त कळतं. शाळेच्या सहलीत आलेली मुलं अंधारीत ओरडतात, बारादरीत आल्यावर मात्र बोट दाखवून एकमेकांना आपली बस शोधून दाखवतात. भूगोल आणि इतिहास एकत्र शिकण्याचा तो क्षण असतो.

शत्रूला अडवण्यासाठी केलेला तो अरुंद पूल आज गर्दी आपोआप गाळून घेतो, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. जिथे अशी गाळणी नाही तिथे काय होतं, ते त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी दिसतं. वेरूळचा रस्ता दौलताबादच्या जुन्या तटातल्या दरवाजातून जातो आणि सुट्टीच्या दिवशी, विशेषतः श्रावणात, त्या दरवाजात वाहनांची कोंडी होते. शहरात मकई गेट, शहराबाहेर दौलताबाद. दोन्हीकडे जुन्या दरवाजांवर आपण हमरस्त्याचं ओझं लादलं आहे.

आता धोक्याबद्दल. ही मागणी करताना धोका झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. पावसाळ्यातली फुगलेली नदी पाहायला लोक आले होते, पुलावर दाटीवाटीनं उभे होते, काहींनी दुचाकीही पुलावर आणल्या होत्या. पूल धोकादायक असल्याचं आधीच ठाऊक होतं, फलकही होता. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला आणि १३५ जणांचा बळी गेला. तो तर दुरुस्तीनंतर काही दिवसांपूर्वीच खुला झाला होता. आणि दिल्लीचा कुतुबमिनार ४ डिसेंबर १९८१ पासून चढण्यासाठी बंद आहे. त्या दिवशी आतल्या जिन्यात दिवे गेले, घबराट उडाली आणि चेंगराचेंगरीत ४५ जण मेले. त्यात शाळेची मुलं बरीच होती.

या तीन घटनांवरून बहुतेक अधिकारी एकच निष्कर्ष काढतात: बंद करा. मकबऱ्याच्या मिनारांतले जिने बंद आहेत, चांदमिनाराचा जिना बंद आहे. कुलूप लावणं सोपं असतं, त्याला खर्च नाही आणि कुणाला जाब द्यावा लागत नाही. पण कुंडमळ्याचा पूल तर वाहनांना मनाई असलेलाच होता. फलक होता, माणूस नव्हता. लोकांना नदी पाहायचीच होती आणि ते गेले. जिथे पाहण्याची ओढ आहे, तिथे फलक पुरत नाही. तिथे मोजणी लागते, पहारा लागतो, पावसाळ्यात खरोखर बंद करणारं फाटक लागतं. मोरबीतही प्रश्न पूल खुला असण्याचा नव्हता. एका वेळी किती माणसं आत सोडायची, याला कुणी धनी नव्हता.

ओढ आणि धोका या दोन्हींचा हिशेब नीट मांडला तर काय करता येतं, याचं जगातलं ठळक उदाहरण सिडनीचं आहे. तिथला हार्बर पूल १९३२ मध्ये खुला झाला. त्याच्या पोलादी कमानीवर लोक चोरून चढत असत. एका उद्योजकानं १९८९ पासून सरकारी खात्यांशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तब्बल नऊ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९९८ ला, तिकीट घेऊन कमानीवर चढण्याची सोय सुरू झाली. माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर उंचीवर. वर जाणाऱ्याची आधी दारू प्यायली आहे का याची तपासणी होते, त्याला एकसारखा पोशाख घालायला देतात, खिशातलं सगळं काढून ठेवावं लागतं, कारण खाली रस्त्यावर वाहतूक चालू असते आणि वरून पडलेलं नाणंही घातक ठरेल. कमरेचा पट्टा पूर्णवेळ तारेला अडकवलेला. छोटी तुकडी, सोबत प्रशिक्षित माणूस. नऊ वर्षं ज्या शंका काढल्या गेल्या, त्यांतल्या एकेकीला एकेक नियम हे उत्तर झालं. ज्या कमानीवर चोरून चढणं गुन्हा होता, ती आज त्या शहराच्या पर्यटनाचा कणा आहे.

खामच्या पुलांना इतका मोठा खटाटोप लागणार नाही. त्यांना जास्त जवळचं उदाहरण प्रागचं आहे. तिथला चार्ल्स पूल चौदाव्या शतकातला, दगडी कमानींचा, दोन्ही टोकांना मनोरे असलेले दरवाजे. एकेकाळी त्यावरून ट्राम धावत होती. १९६५ पासून त्यावर वाहनांना बंदी आहे. आज त्यावरून फक्त माणसं चालतात आणि टोकाच्या मनोऱ्यावर तिकीट काढून चढतात. आणि इतकं लांब जायचं नसेल तर अहमदाबादला जावं. साबरमतीवरचा एलिस ब्रिज १८९२ चा. वाहतूक झेपेना तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना नवे पूल बांधले, १९९९ मध्ये ते खुले झाले, मधला लोखंडी पूल वाहनांपासून मोकळा झाला. वाहतूक वाढली तरी जुना पूल पाडावा लागला नाही आणि त्याचा जीवही घेतला गेला नाही.

मकई गेट, महेमूद दरवाजा आणि बारापुल्ला इथे शेजारून नवे पूल बांधावेत, ही मागणी शहरात जुनी आहे. ती आजवर वाहनचालकांची मागणी म्हणून मांडली गेली: कोंडी फुटावी, घाटी रुग्णालयाकडे रुग्णवाहिका लवकर पोचावी. ही गरज खरीच आहे, आणि तिच्यासाठी तरी हे काम अग्रक्रमानं व्हायला हवं. पण त्या मागणीला दुसरी बाजू जोडायला हवी. नवा पूल झाला त्या दिवशी जुना पूल वाहनांना कायमचा बंद झाला पाहिजे. नाहीतर अनुभव असा आहे की नव्या पुलावरून जाणारी वाहतूक एकेरी होते आणि येणारी जुन्यावरच राहते, म्हणजे दगडांची सुटका होत नाही.

माथ्यावर चढण्याचं म्हणाल तर त्याचाही पायंडा देशात आहे. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात लोक रोज चढतात, तटावरून फेरी मारतात. हैदराबादेत चारमिनारच्या अरुंद गोल जिन्यानं तिकीटधारक वरच्या मजल्यावर जातात आणि तिथून लाड बाजार पाहतात. गर्दी मोजून सोडण्याचा सराव तर खुद्द या जिल्ह्याला आहे. अजिंठ्यात चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसं आत सोडतात, बाकीचे बाहेर थांबतात. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यालाच अडवून पुढचे चार किलोमीटर बसनं नेतात. सुरुवातीला कुरकुर झाली असेल, आज कुणाला ते वावगं वाटत नाही. चित्रांसाठी जे जमलं ते दरवाजासाठी का जमू नये?

काही लोक विचारतील की पाणी आठवड्यातून एकदा येणाऱ्या शहरानं दरवाजावर चढण्याची चैन का करावी. प्रश्न रास्त आहे आणि पाण्याचं काम आधी झालंच पाहिजे. पण याच शहराला जुन्या काळी पाणी कसं मिळत होतं, हे पाणचक्कीजवळच्या पुलावरून दाखवता येतं. डोंगरातून खापराच्या नळांनी आलेलं पाणी, उंच भिंतीवरून हौदात पडणारी धार, त्या जोरावर फिरणारं जातं, आणि बाहेर खाम. महेमूद दरवाजाच्या पुलावर पाच मिनिटं शांतपणे उभं राहता आलं तर शाळेतल्या मुलाला शहराचा पाण्याचा सगळा हिशेब समोर मांडून दाखवता येईल. आज त्याच पुलावर मुलाचा हात घट्ट धरून पलीकडे पोचणं एवढंच पालकाच्या हाती असतं.

आणखी एक आक्षेप घाणीचा. लोक वर जातील, नावं कोरतील, पिचकाऱ्या मारतील. हे होतं, आणि देवगिरीच्या भिंतींवर ते दिसतंही. पण ते तिथे जास्त होतं, जिथे कुणी पाहत नाही. वीस जणांच्या तुकडीबरोबर बेगमपुऱ्यातला किंवा घाटीच्या परिसरातला, रीतसर शिकवलेला तरुण माहितगार असेल, तर भिंतीवर खिळा टेकवायची हिंमत कुणाची होणार नाही. त्या तरुणाला रोजगार मिळेल. तिकिटाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून त्याच दरवाजाच्या चुन्याच्या कामाला लावता येईल. आज दरवाजा हा महापालिकेसाठी फक्त खर्चाचा विषय आहे, म्हणून दुरुस्ती निधी येईल तेव्हा होते आणि निधी संपला की थांबते.

क्रम मात्र चुकता कामा नये. आधी तिन्ही पुलांची आणि दरवाजांची संरचनात्मक तपासणी, तीही जुन्या चुनकामाची जाण असलेल्या अभियंत्यांकडून, आणि तिचा अहवाल लोकांसमोर. मग अवजड वाहनांना तात्काळ बंदी आणि ती पाळली जावी यासाठी उंचीची आडवी कमान. मग पर्यायी पूल. माथ्यावर चढण्याचा निर्णय शेवटी, आणि जो दरवाजा तपासणीत उतरेल त्याच्यापुरताच. एकही उतरला नाही तर एकावरही चढू नये. पूल पायी चालण्यासाठी मोकळे करण्याला मात्र या अहवालानं अडायचं कारण नाही. उलट पूल जितका कमकुवत निघेल तितकी वाहनं हटवण्याची घाई जास्त.

सुरुवात करायला नव्या पुलाची वाट पाहायचीही गरज नाही. रविवारी सकाळी सहा ते नऊ या वेळात मकई गेटच्या पुलावरून वाहनं दुसरीकडे वळवता येतात. त्या तीन तासांत वाहतूक तशीही कमी असते. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवून, दोन्ही टोकांना पोलिस आणि स्वयंसेवक उभे करून, पुलावर एका वेळी किती माणसं हे अभियंत्यानं ठरवून दिलेल्या आकड्यात ठेवून महापालिकेनं आणि वाहतूक शाखेनं येत्या हिवाळ्यात हा प्रयोग चार रविवार करावा. गोगाबाबा टेकडीवरून उतरणाऱ्यांनी त्या दिवशी घरी जाताना मकई गेटवरून जावं, मुलांना बरोबर आणावं आणि अनुभव कसा वाटला ते आपल्या नगरसेवकाला सांगावं.